सर्फिंगसारखा झुलणारा मोठा स्केटबोर्ड स्वतः बनवायचा तर फळी कशी असावी?

नुसती पातळ फळी घेऊ नका, लवकरच मधून बसते. लांबी 40 ते 46 इंच धरा. बांबूचे उभे थर घ्या, वर-खाली फायबरग्लास इपॉक्सीने चिकटवा. साच्यात दाबतानाच फळी मध्ये किंचित उचललेली ठेवा: उभं राहिलं की ती सपाट होते आणि वळणातून निघताना परत उसळते. लाटेची मजा तिथेच! मात्र ती लांबीत वाकावी, पिळवटू नये. त्यासाठी फायबरग्लासचे धागे 45 अंशांत तिरके टाका.

चाकं 70 मिमीची, मऊ (कडकपणाच्या मापात 78ए). ट्रक, म्हणजे फळीखालचे चाकांचे धातूचे आस, उलट्या किंगपिनचे: मधला मुख्य बोल्ट बाहेरच्या बाजूला असलेले. आणि हो, पूर्ण वजन टाकून, वळवून बघाच. चाक फळीला घासलं तर बोर्ड जागीच थांबतो, तुम्ही मात्र पुढे जाता. घासतं तिथे फळी कापून टाका.