दिलेली अक्षरे असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

नमस्कार. आपण विचारले आहे की, सहावीत शिकणाऱ्या आपल्या नातीला स्क्रॅबल आणि वर्डल या इंग्रजी शब्दखेळांची गोडी लागली आहे, पण ठरावीक अक्षरे असलेले शब्द तिला सुचत नाहीत, आणि गावात इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे दर वेळी मोबाइलवर शोधता येत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मराठी माध्यमाच्या मुलांना बरीच वर्षे इंग्रजी शिकवत आहे आणि ही अडचण रोज पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपली मुले शब्द कानाने शोधतात. देवनागरीत बहुतेक जसे बोलतो तसेच लिहितो, आणि भेंड्या खेळून शब्दाचे पहिले अक्षर पकडण्याची सवय लहानपणापासून झालेली असते. इंग्रजी शब्दखेळात या दोन्ही सवयी आड येतात. वर्गात मी ‘के’ हे अक्षर असलेले शब्द विचारतो, तेव्हा काइट, किंग, मिल्क, बुक हे शब्द लगेच येतात. सोबत कॅट आणि स्कूलही येतात, ज्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘के’ नाहीच. मात्र नाइफ, नी, नॉक हे शब्द सहसा कोणी सांगत नाही, कारण त्यांतला सुरुवातीचा ‘के’ कानाला लागत नाही. ‘फ’ हा एकच उच्चार फॅनमध्ये ‘एफ’ने, फोनमध्ये ‘पीएच’ने आणि लाफमध्ये ‘जीएच’ने लिहिला जातो. त्यामुळे नातीकडून पहिला सराव हा करून घ्यावा की, शब्द आठवला की तो उच्चारण्याआधी डोळ्यांसमोर लिहिलेला पाहायचा. न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांच्या शब्दांची वेगळी यादी केली, तर पंधरवड्यात फरक दिसू लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरे सुटी न पाहता त्यांच्या जोड्या पाहाव्यात. ‘सीएच’, ‘एसएच’, ‘टीएच’, ‘सीके’ ही अक्षरे बहुधा एकत्र नांदतात. ‘आयएनजी’, ‘ईडी’, ‘ईआर’ शब्दाच्या शेवटी येतात, तर ‘आरई’ आणि ‘यूएन’ सुरुवातीला. स्क्रॅबलमध्ये हाती असलेल्या सात अक्षरांत आय, एन, जी असतील, तर ती तिन्ही उजवीकडे सरकवावीत आणि उरलेल्या चारांकडेच पाहावे. ती चार ए, एल, पी, वाय असली तर ‘प्ले’ लगेच दिसतो, ‘प्लेइंग’ पूर्ण होतो, आणि सातही अक्षरे एकाच डावात लावल्याबद्दल ५० गुण अधिक मिळतात.

इंटरनेट नसताना सर्वांत उपयोगी पडते ती हाताने केलेली वही. कोणताही शब्द घेऊन त्याची अक्षरे एबीसीडीच्या क्रमाने मांडावीत आणि तो क्रम पानाच्या माथ्यावर लिहावा. ‘लिसन’ या शब्दाची अक्षरे अशी मांडली की ई, आय, एल, एन, एस, टी असा क्रम येतो. ‘सायलेंट’ची मांडली तरी हाच क्रम येतो, आणि एनलिस्ट, इनलेट्स व टिन्सेल यांचाही. म्हणजे पाचही शब्द एकाच पानावर बसतात. पुढे ही सहा अक्षरे कशीही विस्कटलेली समोर आली, तरी ती क्रमाने लावून पान उघडायचे एवढेच काम उरते. संगणकही अक्षरांची उलटापालट करून होणारे शब्द शोधण्यासाठी हीच युक्ती वापरू शकतो. आमच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत, घरची मोठी माणसे कापूस वेचायला गेलेली असताना, ओसरीवर बसून अशी दोनशे पानांची वही भरली, आणि ती वही मला कोणत्याही विकतच्या पुस्तकापेक्षा मोलाची वाटते.

याच वहीत क्यू, झेड, एक्स आणि जे यांना स्वतंत्र पाने द्यावीत, आणि प्रत्येक पानाचे सुरुवातीला, मधे व शेवटी असे तीन भाग करावेत. एक्स सुरुवातीला क्वचितच येतो. टॅक्सी, एक्झाम, बॉक्स, मिक्स असा तो मधे किंवा शेवटी सापडतो. क्यूच्या मागोमाग बहुधा यू असतो, पण यू हाती नसेल तर ‘क्यूआय’ या दोन अक्षरांनी लिहिला जाणारा ‘ची’ हा चिनी मुळाचा शब्द, तसेच फकीर आणि निकाब या शब्दांची क्यूने होणारी स्पेलिंग उपयोगी पडते. आपल्या ओळखीचे शब्द इंग्रजी कोशात शोधण्याचा नाद मुलांना लावावा. तीन ‘ओ’ असलेला शब्द हवा असेल तर ‘मंगूज’ आहे, आणि तो आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत गेलेला आहे. हे सांगितले की मुले तो शब्द विसरत नाहीत.

स्क्रॅबलचा विकतचा संच महाग वाटला तर खोक्याच्या पुठ्ठ्याच्या १०० चौकटी कापाव्यात. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून या खेळातील अक्षरांची संख्या ठरवली. ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, तर जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. एस मात्र चारच ठेवले, कारण अनेकवचन करणे फार सोपे झाले असते. ही संख्या पाठ असली की कोणते अक्षर अजून बाकी आहे, याचा अंदाज खेळताना बांधता येतो.

वर्डलमध्ये पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. पहिला शब्द ‘स्लेट’ किंवा ‘क्रेन’सारखा, वारंवार येणाऱ्या अक्षरांचा घ्यावा, आणि राखाडी झालेले, म्हणजे शब्दात नसलेले, अक्षर पुन्हा वापरू नये.

मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा शब्दकोश एकदा उतरवून ठेवता येतो. अशा अनेक कोशांत अज्ञात अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांच्या जागी तारांकन टाकून शोध घेता येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, डाव चालू असताना तो उघडू नये. डाव संपल्यावर मात्र जरूर उघडावा, सुटलेले शब्द पाहावेत आणि त्याच संध्याकाळी ते वहीत लिहून घ्यावेत. कोणता कोश प्रमाण मानायचा, हे खेळणाऱ्यांनी पहिली चौकट मांडण्यापूर्वीच ठरवावे, कारण एका यादीत असलेला शब्द दुसरीत नसतो आणि मुलांची भांडणे नेमकी तिथेच होतात.