आश्रय नाकारल्याच्या पत्राचं शेवटचं पान

निपाणीजवळच्या गावातून एका वाचकांनी लिहिलं आहे. धाकटा भाऊ विद्यार्थी व्हिसावर लंडनला गेला. व्हिसा संपत आल्यावर एजंटाच्या सांगण्यावरून त्याने तिथे आश्रय मागितला. कारण दिलं ते कर्नाटकातल्या सीमाभागात मराठी म्हणून होणाऱ्या छळाचं, आणि 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीनंतर दाखल झालेल्या गुन्ह्याचं. होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, अर्ज नामंजूर करून दोन महिने उलटले. 'अपील चालू आहे,' असं एजंट सांगत राहिला आणि आता परत पाठवण्याची नोटीस आली. कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठातून स्टे मिळेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

अशी पत्रं वरचेवर येतात. होम ऑफिसचा हुकूम धारवाडहून थांबत नाही, तेव्हा तो विषय सोडा.

तुम्ही नामंजुरीच्या पत्राच्या पहिल्या तीन पानांचे फोटो पाठवलेत. ज्यावर सगळं अवलंबून आहे, ती शेवटची पानंच त्यात नाहीत! ब्रिटनच्या 2002 च्या कायद्याच्या कलम 94 खाली दावा 'उघडउघड निराधार' ठरवलाय का, एवढं त्यांत शोधा. भारताचं नाव 2005 मध्येच त्या कलमाच्या, सुरक्षित मानलेल्या देशांच्या यादीत गेलं, म्हणून आपल्या माणसांवर हा शेरा लवकर बसतो. 28 जून 2022 पासून केलेल्या दाव्यावर तो बसला, की अपीलच उरत नाही, भारतात परतल्यावरही नाही. मग हा एजंट कसलं अपील चालवतोय? राहतो तो ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का याची न्यायालयीन तपासणी. तो विनाविलंब मागायचा, फार तर तीन महिन्यांत, आणि तुमचे दोन तर गेलेच. नुसता अर्ज टाकून पाठवणी थांबेलच असं नाही; तातडीचा मनाई हुकूम वेगळा मागावा लागेल.

शेरा नसेल तर अपील आहे, पण मुदत पत्र धाडल्यापासून 14 दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो. एजंटाने फसवलं हे कारण कितपत चालेल, ते तिथला सॉलिसिटर, म्हणजे वकीलच सांगेल. एजंटाकडे ट्रायब्युनलचा, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा, केस नंबर मागा. तो देता आला नाही, तर अपील दाखलच नाही असं धरा.

सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने केलेला 2004 चा दावा सुप्रीम कोर्टात अजून लोंबकळतोय, त्यामुळे कोर्टाचं काम म्हणजे वाट बघणं हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्याच सवयीने तुम्ही गप्प बसलात, याचा मला राग येतो.

गुन्हा खरोखर दाखल असेल तर एफआयआर आणि चार्जशीटच्या सर्टिफाइड प्रती कोर्टातून काढा, कन्नडवरून इंग्रजी भाषांतर करून घ्या. एजंट एखादं समन्स 'तयार करून' देऊ म्हणाला तर साफ नकार द्या. एक खोटा कागद खऱ्यांनाही बुडवतो. आपली गाऱ्हाणी खरी आहेत, मीही याच भागातला आहे. तरी 'छळ सीमाभागात होता, तर भारतातच कोल्हापूरला का राहिला नाहीस?' हा सवाल तिथे येणारच, आणि निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर आहे. उत्तर मला अवघड दिसतं.

म्हणून परतीचाही विचार आत्ताच करा. स्वखर्चाने स्वतःहून आला तर पुन्हा प्रवेशाची बंदी साधारण एक वर्षाची, सक्तीने पाठवला तर दहा. अर्जात खोटं सापडलं तरी दहाच.

आज रात्रीच भावाला फोन करून त्या पानांचा फोटो मागवा आणि उद्या त्याला सॉलिसिटरकडे धाडा. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. एजंटाला नोंदणी क्रमांक विचारा, आणि तो मिळेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका.