ओंटॅरियोत नोकरी गेली आहे. सरकारी खर्चाने कॉलेज करून दुसऱ्या कामाला लागायचं आहे, बेटर जॉब्स ओंटॅरियोचा अर्ज कसा करायचा?

सोमवारी त्या कॉलेजात जाऊ नका. सही केली नसेल तर करू नका, डिपॉझिट भरलं नसेल तर भरू नका. बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून ले-ऑफ मिळाला, एका खासगी कॉलेजचा माणूस म्हणतोय "सोमवारी येऊन ॲडमिशन घ्या, फंडिंगचं आम्ही बघतो", आणि घरची मंडळी म्हणतायत "या वयात कॉलेज कसलं, वेअरहाउस धर". दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. मला राग दुसऱ्याचा जास्त येतो, त्यावर खाली लिहिते.

बेटर जॉब्स ओंटॅरियो ही योजना 2008 मध्ये सेकंड करिअर या नावाने सुरू झाली, अजून बरेच लोक तिला त्याच नावाने ओळखतात. फी, पुस्तकं, लागणारं साहित्य, प्रवास, मुलांचं डे-केअर आणि गरज असेल तर घरखर्चाचा भत्ता यात बसतो. कमाल 28,000 डॉलर हा आकडा वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी आहे. सरकार तो बदलतं, म्हणून चालू आकडा काउन्सेलरकडूनच घ्या. कोर्स साधारण वर्षभरात संपणारा हवा. कॅनडाचे नागरिक, पीआर (कायमचे रहिवासी) किंवा संरक्षण मिळालेले निर्वासित यांनाच अर्ज करता येतो.

अर्ज कॉलेजमार्फत होत नाही. तो होतो एम्प्लॉयमेंट ओंटॅरियोच्या, म्हणजे प्रांताच्या रोजगार सेवेच्या, केंद्रातून. तिथे मोफत काउन्सेलर मिळतो, तो तुमच्यासोबत फाइल तयार करतो. क्रम असा: आधी केंद्र, मग नोकरीचा शोध आणि बाजाराचा अभ्यास, मग कॉलेजांची तुलना, मग मंजुरी, मग करार आणि शेवटी वर्ग. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते एका फाइलवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे सैल ठेवले आहेत.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या एक बाई, महाराष्ट्रातून बी.कॉम. झालेल्या. लाइन बंद पडली, ले-ऑफ मिळाला. मैत्रिणीने सांगितलं म्हणून डेंटल असिस्टंटच्या कोर्ससाठी थेट एका खासगी कॉलेजात गेल्या, करारावर सही केली, डिपॉझिट दिलं, वर्ग सुरू झाले. मग केंद्रात आल्या. इथे तीन गोष्टी एकदम अडकल्या.

एक, मंजुरीच्या आधी केलेला खर्च योजना परत देत नाही, आणि कोर्स आधीच सुरू केला असेल तर "याला आमच्या मदतीची गरज होती का" हा प्रश्न फाइलवर उभा राहतो. दोन, ईआय, म्हणजे बेकारीचा विमा. दर दोन आठवड्यांनी भरायच्या रिपोर्टमध्ये सरळ विचारलेलं असतं की या काळात शाळेत किंवा प्रशिक्षणाला गेलात का. पूर्णवेळ वर्गात बसणारा माणूस कामासाठी उपलब्ध नाही असं सर्व्हिस कॅनडा, म्हणजे ईआय देणारं केंद्र सरकारचं खातं, धरतं आणि पैसे थांबवू शकतं. "नाही" असं खोटं भरलं तर परतफेड आणि वर दंड. तेच प्रशिक्षण प्रांताने अधिकृतपणे पाठवून, म्हणजे ईआय कायद्याच्या कलम 25 खालच्या रेफरलने केलं, तर ईआय चालू राहू शकतं. कोर्स तोच, फरक फक्त कागद आधी आला की नंतर एवढाच. तीन, निवडलेल्या कॉलेजची कुणाशी तुलनाच केलेली नव्हती.

डिपॉझिटबद्दल एक नियम लक्षात ठेवा. ओंटॅरियोत नोंदणी असलेल्या करिअर कॉलेजचा करार हातात आल्यापासून दोन दिवसांच्या आत लेखी कळवून रद्द केला तर सगळी फी परत मिळते. दोन दिवस उलटले पण वर्ग सुरू झालेले नसले, तर कॉलेज फीच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 500 डॉलर, कापू शकतं. वर्ग सुरू झाले की हिशोब आणखी बिघडतो. या बाई त्या टप्प्याच्याही पुढे गेल्या होत्या.

मग फाइल नव्याने बांधली. तुमचीही अशीच बांधावी लागेल.

पहिला कागद आरओई, म्हणजे नोकरी का आणि कधी संपली याची कंपनीने दिलेली नोंद. कंपनी तो बहुतेक वेळा सर्व्हिस कॅनडाला परस्पर पाठवते, तुमच्या माय सर्व्हिस कॅनडा खात्यात दिसतो. त्यावरचा कोड बघा. ए म्हणजे काम कमी झालं किंवा कंत्राट संपलं, ई म्हणजे तुम्ही स्वतः सोडलं, एम म्हणजे काढून टाकलं. ले-ऑफ असताना ई पडला असेल तर कंपनीकडून दुरुस्त आरओई मागवा, आणि हे अर्जाच्या आधी करा. चुकीचा कोड नंतर समजावत बसण्यात आठवडे जातात.

दुसरी नोकरीच्या शोधाची नोंद. तारीख, कंपनी, पद, अर्ज कुठून केला, उत्तर काय आलं. "खूप ठिकाणी ट्राय केलं" याला कागदावर किंमत नाही. आणि इथे लोकांचा गोंधळ होतो: नोंद जुन्या कामाच्या अर्जांची हवी. शोधूनही जुन्या कौशल्यावर नोकरी मिळत नाही, हे त्यातून दिसायला हवं. तुम्ही फक्त नव्या क्षेत्रात अर्ज केले असतील तर ते सिद्ध होत नाही.

तिसरा भाग बाजाराचा अभ्यास, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच लंगडे पडतात. कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीत प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी एनओसी क्रमांक असतो, त्यातला दुसरा आकडा म्हणजे टीअर, त्या कामाला किती प्रशिक्षण लागतं ते; आकडा लहान तितकी पायरी वरची. बाईंचं जुनं काम टीअर 4 मधलं. डेंटल असिस्टंट 33100, म्हणजे टीअर 3. अल्प प्रशिक्षणाने वरच्या पायरीवर जाणं हे या फाइलचं बळ होतं. जॉब बँक या सरकारी वेबसाइटवर हे क्रमांक टाकून तुमच्या विभागातला अंदाज आणि पगार दोन्ही व्यवसायांचे काढा. फक्त नव्याचा काढलात तर अर्धंच काम झालं. मग सध्याच्या जाहिराती जोडा, आणि त्यात काय अट आहे ते वाचा. ओंटॅरियोत डेंटल असिस्टंट दोन पातळ्यांचे असतात. दुसऱ्या पातळीला एनडीएईबी या परीक्षा मंडळाची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि बऱ्याच क्लिनिकना तीच पातळी हवी असते. बाईंनी ज्या कोर्सला पैसे भरले होते तो फक्त पहिल्या पातळीपर्यंतचा होता. जाहिराती आधी वाचल्या असत्या तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. शेवटी दोन-तीन मालकांशी फोनवर बोला आणि कोणाशी, कधी, काय बोलणं झालं ते लिहून ठेवा.

चौथी तुलना. तीन कॉलेजांची माहिती, त्यात एक तरी सार्वजनिक कॉलेज: शेरिडन, हंबर, जॉर्ज ब्राउन, सेनेका, जे तुम्हाला परवडेल अशा अंतरावर असेल ते. फी, कालावधी, सुरुवातीची तारीख, प्रात्यक्षिकाची सोय. सार्वजनिक कॉलेजची फी सहसा बरीच कमी असते, अडचण तारखेची असते. बॅचेस सप्टेंबर, जानेवारी, मे अशा ठरलेल्या, आणि काही कोर्सेस तर वर्षातून एकदाच. खासगी कॉलेज हवंच असेल तर तिथेच का, हे लिहावं लागतं, आणि "लवकर सुरू होतं" एवढं कारण पुरत नाही. ते कॉलेज 2005 च्या ओंटॅरियो करिअर कॉलेजेस कायद्याखाली नोंदलेलं आहे का आणि तो विशिष्ट कोर्स मंजूर आहे का, हे दोन्ही वेगवेगळं तपासा. कॉलेज नोंदणीकृत असूनही एखादा कोर्स मंजूर नसू शकतो.

पाचवा खर्चाचा तक्ता. इथे लोक फी आणि पुस्तकं लिहून थांबतात. गणवेश, उपकरणांचा संच, लसीकरणाच्या नोंदी, सीपीआर, पोलीस तपासणी, परीक्षेची फी, बसचा पास, सगळं पहिल्याच तक्त्यात विचारून घ्या. करार झाल्यावर वाढीव रक्कम मागणं फार कठीण. घरखर्चाचा भत्ता घरातल्या उत्पन्नावर ठरतो, तेव्हा ईआयची रक्कम आणि नवराबायको दोघांच्या पगाराचे कागद सोबत ठेवा.

आता घरच्यांबद्दल. "वेअरहाउस धर" म्हणणाऱ्यांना वाटतं की एकदा एजन्सीची शिफ्ट घेतली की कॉलेजचं दार बंद, म्हणून दोन्हीपैकी एकच निवडायचं. हे खरं नाही. ले-ऑफनंतर पोटापुरतं तात्पुरतं काम करणारा माणूस या योजनेत बसू शकतो. शिफ्ट करा, रिपोर्टमध्ये मिळकत दाखवा, आणि त्याच आठवड्यात केंद्राची वेळ घ्या.

दुसरा वाद डिग्रीचा. आपल्याकडे एक सल्ला सर्रास दिला जातो: भारतातली डिग्री फॉर्मवर लिहू नका, नाहीतर "शिकलेला आहे" म्हणून नाकारतील. निवडीत शिक्षण बघतात, बेकारीचा काळ आणि कामाचा अनुभवही बघतात, हे खरं. पण डिग्री लपवणं म्हणजे सरकारी अर्जात खोटं लिहिणं, आणि तीच डिग्री कॉलेजच्या प्रवेशाला किंवा पीआरच्या जुन्या कागदांत पुढे येते. लिहा, आणि तिच्यावर इथे त्या क्षेत्रात नोकरी का मिळत नाही ते दाखवा. बाईंनी बी.कॉम. लिहिलं, अकाउंट्सच्या जागांसाठी केलेले अर्ज आणि त्यांचे नकार जोडले, आणि डिग्रीचा अडसर उरला नाही.

आणि "सरकारचे पैसे घ्यायला लाज वाटत नाही का" हे जे आपली माणसं कार्यक्रमाला भेटली की विचारतात, त्यांना पगाराची स्लिप दाखवा. दर पगारातून ईआयचा हप्ता कापलेला असतो. त्याच निधीतून केंद्र सरकार प्रांतांना प्रशिक्षणासाठी पैसे देतं. विमा भरायचा आणि घर जळाल्यावर दावा करायला लाजायचं, असं कुणी करत नाही. बी.कॉम. झालेली बाई दुसऱ्याच्या तोंडात पाणी मारणार, हेही मी ऐकलं आहे. हे बोलणाऱ्याच्या घराचा हप्ता त्या बाईला भरायचा नाही, तिला स्वतःचा भरायचा आहे.

काही गोष्टी वर राहिल्या. नोकरी स्वतःहून सोडली असेल तर गणित बदलतं: ले-ऑफ नसलेल्यांसाठीही वाट आहे, पण तिथे सहा महिने किंवा त्याहून जास्त बेकारी आणि घरचं कमी उत्पन्न बघतात. स्टडी परमिटवर असाल तर ही योजना तुमच्यासाठी नाही. त्याच खर्चासाठी ओसॅप (प्रांताची विद्यार्थ्यांसाठीची मदत) आणि ही योजना दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. कोर्स अर्धवट सोडला तर परतफेड मागू शकतात, म्हणून आजारपण किंवा घरची अडचण आली तर गैरहजर राहण्याआधी काउन्सेलरला ईमेल करा. पावत्या जपा. मंजुरीला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा सप्टेंबरची बॅच हवी असेल तर उन्हाळा सुरू होण्याआधी केंद्रात जा. इंजिनिअर, नर्स किंवा अकाउंटंट असाल आणि त्याच क्षेत्रात परत जायचं असेल, तर ही योजना मागण्याआधी काउन्सेलरला ब्रिज ट्रेनिंगबद्दल विचारा, ते परदेशी शिक्षण घेतलेल्यांसाठीच आहे.

नकार आला तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा बाजाराचा अभ्यास अपुरा किंवा शोधाची नोंद तोकडी, एवढंच निघतं, आणि तेवढा भाग भरून फाइल पुन्हा देता येते. बाईंची फाइल दुसऱ्यांदा दिली ती सार्वजनिक कॉलेजच्या दोन्ही पातळ्यांच्या कोर्ससाठी, आणि ती मंजूर झाली. आधीचं डिपॉझिट मात्र गेलं.