नामदार गोखल्यांची जयंती करायचीच असेल तर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयाने गोपाळ कृष्ण गोखल्यांची जयंती तुझ्यावर सोपवली आणि तू कात्रीत सापडलास. समितीतल्या ज्येष्ठांना हार, दीपप्रज्वलन आणि मोठा पाहुणा हवा. मित्र म्हणतात, नेमस्ताची, म्हणजे मवाळाची, कसली जयंती, त्यातून माफी मागणाऱ्याची! कुणाचीच समजूत काढत बसू नकोस. त्या दिवशी गोखल्यांनी जे केलं तेच सगळ्यांकडून करून घे. आकडा काढायचा, तपासायचा आणि मगच मत द्यायचं.

तारीख ९ मेच धर. १९ फेब्रुवारीला पुण्यतिथी असते, पण त्याच दिवशी शिवजयंती. सभागृह, माइक, माणसं, काहीच हाती लागत नाही. मे महिन्यात मुलं सुट्टीवर असतात आणि नगरपरिषदेचं नवं अंदाजपत्रकही मंजूर झालेलं असतं. ते का हवं, ते पुढे सांगतो.

वाचनासाठी त्यांचं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातलं, २६ मार्च १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण घे. सगळं नको, वीस मिनिटांचा मराठी उतारा पुरे. सरकारकडे सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडले होते आणि अर्थसदस्याचं अभिनंदन चाललं होतं. त्या अभिनंदनात सामील व्हायला गोखल्यांनी सरळ नकार दिला. लोक दुष्काळातून जात असताना तिजोरी भरते कशी, हा त्यांचा प्रश्न. उत्तर हुंडणावळीच्या, म्हणजे रुपया-पौंडाच्या अदलाबदलीच्या दरात होतं, कारण सरकारला दरवर्षी विलायतेला पौंडांत पैसे धाडावे लागत. ते फळ्यावर मांडून दाखव, नाहीतर श्रोते जांभया देतील. पौंडाचे २४० पेन्स. १८९४-९५ मध्ये रुपया १३ पेन्सांच्या आसपास घसरला होता, म्हणजे विलायतेला एक पौंड धाडायला १८ रुपयांहून अधिक लागत. पुढे रुपया १६ पेन्सांवर आला आणि तोच पौंड १५ रुपयांत जाऊ लागला. दर पौंडामागे तीन रुपये वाचले, पण तंगीच्या काळात वाढवलेले कर तसेच राहिले. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणामागे दोनाचा अडीच रुपये झाला होता. शिल्लक होती ती ही. १९०३ मध्ये तो पुन्हा दोनावर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एकावर. नेमस्तपणाने काय मिळवलं असं मित्रांनी विचारलं, तर ही उतरती भाजणी त्यांच्यापुढे ठेव. विशेषणांनी वाद घालू नकोस. आकडा ठेव.

या आकड्यांमागे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शिक्षक होते, हेही सांग. सरकारी अहवाल चाळून ते गोखल्यांना टिपणं पुरवत. अशा माणसांचा फोटो कुठेच लागत नाही, याची मला फार खंत वाटते.

माफीचा विषय टाळू नकोस, तो तर मधोमध ठेव. १८९७ मध्ये विलायतेत असताना पुण्यातल्या प्लेगच्या झडत्यांत सोजिरांनी, म्हणजे गोऱ्या शिपायांनी, केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी आरोप केले. परतल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. आजही काहींना ती कमीपणाची वाटते. मला नाही वाटत. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचं, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. मित्रांना हे पटलं नाही तर न पटो, घटना मात्र अर्धी सांगू नकोस.

१९११ च्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाला दहा मिनिटं पुरेत. तरतुदी वाच: सहा ते दहा वयाची मुलं, दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकांना फी माफ, खर्चाचे दोन भाग सरकारचे आणि एक स्थानिक संस्थेचा. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सक्तीच्या, मोफत शिक्षणाचा देशभर लागू झालेला कायदा २००९ चा आहे. मधली वर्षं मुलांनाच मोजू दे.

आता अंदाजपत्रक. आधी नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर बघ. नसेल तर एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत माहिती अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि मुदत ३० दिवसांची, तेव्हा उशीर केलास तर ९ मे हुकेल. अर्जात 'सर्व माहिती' असं मोघम लिहू नकोस, 'मंजूर अंदाजपत्रकाची प्रत' एवढंच लिही. पाणीपट्टीचं एकच पान घे. मागणी किती, प्रत्यक्ष वसुली किती, पाणीपुरवठ्यावर खर्च किती. इथे सगळे एकच चूक करतात, पुढच्या वर्षाचा अंदाज मागच्या वर्षाच्या अंदाजाशी ताडून बघतात. अंदाज फुगवता येतो. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा घ्यायचा.

हे रूक्ष आहे, लोक येणार नाहीत, असं समिती म्हणेल. येऊ नयेत! माझ्या या हट्टाला लोक कंटाळतात हे मला ठाऊक आहे, पण हट्ट सोडला तर उरतात ते हार, आणि हार कुणालाही घालता येतात. पंधरा माणसांनी एक पान नीट वाचलं तरी मला ती जयंती वाटते.

पाहुणा हवाच असेल तर नगरपरिषदेच्या निवृत्त लेखापालाला बोलाव. त्यांना भाषण करायला लावू नकोस, फळ्यापाशी उभं कर. वाचनातून निघालेले तीन-चार प्रश्न पान क्रमांकासह मुख्याधिकाऱ्यांना लेखी दे, सह्या घे, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नकोस.