सराव सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, म्हणजे यंदा आमचा डिफेन्स पक्का झाला का?

प्रश्न विचारणाऱ्या भावानं लिहिलंय की त्यांच्या पेठेच्या टीमनं यंदा दोन उंच स्टॉपर (मागं मधोमध खेळणारे डिफेंडर) घेतलेत, चार सराव सामन्यांत गोल खाल्लेला नाही आणि तालमीत (म्हणजे त्यांच्या क्लबात) सगळे म्हणायलेत की मागची बाजू झाली, आता पुढचं बघा. तर सीझन सुरू व्हायच्या आधी डिफेन्सची लाइनअप कशी जोखायची, आणि मागं तीन ठेवायचे की चार.

नाही. पक्का झालेला नाही. मी कोल्हापुरात आठ सीझन स्टॉपर खेळलोय, उंची पाच फूट सहा इंच. तालमीचं नाव लिहिणार नाही, ती माणसं अजून माझीच आहेत. पण तुझा प्रश्न म्हणजे अगदी शब्दाला शब्द २०११ च्या दिवाळीनंतर आमच्या तालमीत झालेली मीटिंग आहे, त्यामुळं गप्प बसवत नाही.

त्या वर्षी कमिटीनं ठरवलं की आपण हेडरवर गोल खातो म्हणून उंच स्टॉपर पाहिजे. केरळचा एक पोरगा आणला, सहा फूट एक इंच, खेळाडू म्हणून एक नंबर, त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्याच्या जोडीला आमच्यातलाच एक उंच पोरगा हाफमधून, म्हणजे मधल्या फळीतून, मागं घेतला. मी बाहेर. पाच सराव सामने झाले, गोल खाल्ले शून्य, आणि पेठेत बोर्ड लागायचा तेवढा राहिला होता. आता ते पाच सामने कुणाबरोबर? दोन कॉलेजच्या टीम, एक आमचीच बी टीम, आणि दोन टीमनी परीक्षा सुरू आहे म्हणून अर्धी पोरं ज्युनियर उतरवलेली. हे कुणी विचारत नाही. शून्य गोल खाल्ले ते कुणासमोर, हे आधी विचार.

मी बाहेर बसलेलो, हाताला काम नव्हतं, म्हणून गांधी मैदानावर गोलच्या मागं जाऊन उभा राहायला लागलो. साइडलाइनवरनं नुसता बॉल दिसतो. डिफेन्स बघायचा तर गोलच्या मागनंच बघायचा, तिथनं चौघांमधली अंतरं दिसतात, कोण दोन पावलं मागं राहून समोरच्या फॉरवर्डना ऑनसाइड करायलाय, म्हणजे ऑफसाइडमधून सोडवायलाय, ते दिसतं. एका वहीत रेघा मारायला सुरुवात केली. नियम एकच, समोरच्याचा माणूस आपले हाफ आणि आपले स्टॉपर यांच्या मधल्या जागेत बॉल घेऊन आपल्या गोलकडं तोंड करून वळला की एक रेघ. पाचव्या मॅचला चौदा रेघा झाल्या. चौदा वेळा कॉलेजच्या पोरांना मधे मोकळी जागा मिळाली आणि त्यांनी बॉल वर मारला नाहीतर बाहेर मारला. लीगमधले फॉरवर्ड तिथनं बाहेर मारत नाहीत.

वही घेऊन मी मामेभावाकडं गेलो. तो कॅप्टन, आणि तोच डिफेन्सच्या पुढचा हाफ, म्हणजे ती मोकळी जागा त्याचीच. वही बघितलीसुद्धा नाही त्यानं. म्हणाला, "तुला बाहेर बसवलंय म्हणून तू हे काढायलास." सख्ख्या मामाचा पोरगा, लहानपणापासून एका ताटात जेवलेलो, आणि त्यानं असं म्हणावं, ते आजही आत कुठंतरी तसंच आहे.

आणि याच मामेभावाबरोबर मी २००६ च्या वर्ल्ड कपची फायनल मामाच्या घरात बघितलीय, रात्री साडेअकराला सुरू झालेली, टायब्रेकर संपेपर्यंत दोघं जागे. इटलीनं अख्ख्या स्पर्धेत सात सामन्यांत दोन गोल खाल्ले. एक अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच डिफेंडरच्या पायाला लागून गेलेला आणि दुसरा फायनलमधला झिदानचा पेनल्टी. म्हणजे समोरच्या टीमला चालू खेळात एकही गोल मारता आला नाही. त्या डिफेन्सचा कॅप्टन कन्नावारो, उंची पाच फूट नऊ इंच. त्याच वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याला मिळाला. तेव्हा मामेभाऊच म्हणत होता, बघ, उंची लागत नाही, अंदाज लागतो. पाच वर्षांत विसरला. आणि त्या इटलीची अजून एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. त्यांचा दुसरा स्टॉपर नेस्टा तिसऱ्याच मॅचला जखमी होऊन गेला, पुढची बहुतेक स्पर्धा मातेराझीवर निघाली. तिसरा स्टॉपर हा त्या टीमचा खरा डिफेन्स होता. वर मागं किपर बुफोन, पुढं हाफ गट्टुसो. कन्नावारोला एकट्याला बघून काहीच कळत नाही.

म्हणून तुला सांगतो, एकेकट्याचं नाव घेऊन डिफेन्स जोखूच नकोस. जोड्या बघ. दोन स्टॉपरची जोडी, स्टॉपर आणि त्याच्या बाजूचा बॅक, स्टॉपर आणि गोलकीपर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टॉपर आणि त्यांच्या पुढचा हाफ. दोघंही उंच, दोघंही बॉलवर उडी मारणारे असतील तर दोघं एकाच बॉलला जाणार आणि मागं पडलेला बॉल समोरच्याचा. एक जाणारा पाहिजे, एक थांबणारा पाहिजे. तुमच्या दोन उंच स्टॉपरपैकी थांबणारा कोण, हे तुला येत्या सरावात दहा मिनिटांत कळेल. दोन्हीपैकी कुणीच थांबत नसेल तर चार शून्यांचा काही उपयोग नाही.

लीगची पहिली मॅच, शाहू स्टेडियम, मध्यंतराच्या आधीच आम्ही एक गोल खाल्ला, माझ्या वहीतल्या त्याच जागेतून. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे डावीकडं आमच्याकडं डावखुरा पोरगाच नव्हता. उजव्या पायाचा लेफ्ट बॅक, प्रत्येक बॉल आत घेऊनच मारणार, त्याला एक सेकंद जास्त लागणार, आणि समोरच्याला हे विसाव्या मिनिटाला कळलं. (तू लेफ्ट बॅकचं काही लिहिलं नाहीस. आधी ते बघ.) आणि तिसरं, जे मी कुठल्याही कोचच्या तोंडून ऐकलेलं नाही, ते म्हणजे भाषा. आमचा किपर ओरडायचा "सोड, सोड", "मागं हाय", "तू घे", आणि त्या केरळच्या पोराला मराठीतला एक शब्द येत नव्हता. तो बिचारा प्रत्येक वेळी मान वळवून बघायचा. स्टॉपरनं मान वळवली की फॉरवर्ड गेला.

मॅच हरल्यावर मी त्याला रंकाळ्यावर घेऊन गेलो, सलग चार संध्याकाळी. सोड, घे, मागं, वर, आत, एकटा. सहा शब्द. एवढेच लागतात डिफेन्सला. चालता चालता मी ओरडायचो आणि तो तसा सरकायचा, लोक बघत बसायचे. पाचव्या दिवशी सरावात तो स्वतः "वर, वर" म्हणून लाइन घेऊन निघाला तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा मी स्वतः मारलेल्या गोलनंसुद्धा झाला नव्हता. त्यानंतर आमचा दुसरा स्टॉपर कार्डावर बसला आणि नाइलाजानं मला घेतलं, आणि मी आणि तो तीन मॅच जोडीनं खेळलो. हेडर सगळे त्याचे, मागं पडलेला बॉल माझा. तीन मॅचमध्ये एक गोल. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मग नॉकआउटची सेमीफायनल. एक-एक बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. डावीकडं आमचा थ्रो-इन, आणि आमचा पुढचा हाफ, म्हणजे मामेभाऊ, जागा सोडून बॉल मागायला थेट टचलाइनजवळ गेला. बॉल तुटला. त्यांचा दहा नंबर मधल्या मोकळ्या जागेत वळला, माझ्यासमोर तो आणि उजवीकडनं पळत येणारा दुसरा, दोघं, आणि मी एकटा, केरळवाला थ्रो-इनसाठी डावीकडं सरकलेला. अशा वेळी स्टॉपरनं अंगावर जायचं नसतं, पास बंद करून मागं सरकत वेळ काढायचा असतो, तोपर्यंत हाफ परत येतो. मी तेच केलं. हाफ परत आला नाही. त्या दहा नंबरनं वीस यार्डावरनं मारला, खालच्या कोपऱ्यात गेला. गॅलरीतनं आवाज आला, "बुटका स्टॉपर ठेवल्यावर हेच होणार." अरे तो बॉल गुडघ्याएवढासुद्धा नव्हता, उंचीचा संबंध कुठं आला? आणि ड्रेसिंग रूममध्ये मामेभाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "अंगावर जायला पाहिजे होतंस." पुढच्या सीझनला मी नाव दिलं नाही.

त्यामुळं कुणी लाइनअप सांगताना एकदम मागच्या चौघांची नावं घ्यायला लागलं की मी आधी विचारतो, पुढचा हाफ कोण? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लीस्टरचं २०१५-१६ चं सीझन बघ. त्यांचे स्टॉपर मॉर्गन आणि हुथ दोघंही मंद, सगळे म्हणत होते की हे जोडपं चालणार नाही. सप्टेंबरात आर्सेनलनं त्यांच्या घरी पाच गोल मारले. कोच रानिएरीनं स्टॉपरना हात लावला नाही, दोन्ही साइडचे बॅक बदलले, सिम्पसन आणि फुक्स घेतले. डिफेन्सची लाइन खाली, आपल्या गोलजवळ ठेवली, कारण मंद स्टॉपर वर ठेवले की मागच्या जागेत मरतात, आणि पुढं हाफला कान्ते सगळं वेचायला होताच. पोरांना सांगितलं गोल न खाता जिंकलात की पिझ्झा, आणि तो ऑक्टोबर अखेर त्यांनी कमावला. पहिल्या १९ मॅचमध्ये २५ गोल खाल्ले होते, नंतरच्या १९ मध्ये फक्त ११, आणि चॅम्पियन. स्टॉपर तेच दोघं. २०११ च्या आधी हे सीझन झालेलं असतं तर मी वहीऐवजी हेच दाखवलं असतं.

तुमच्या चौथ्या-पाचव्या डिफेंडरचं काय, हे पण आत्ताच विचार, डिसेंबरात नको. इंग्लंडमधल्याच लिव्हरपूलचं २०२०-२१ ला काय झालं बघ. ऑक्टोबरात स्टॉपर व्हॅन डाइक जखमी होऊन गेला, मग गोमेझ, मग मातिप, आणि मधे फाबिन्यो, हेंडरसन असे हाफ मागं ओढावे लागले, म्हणजे पुढची जागा पण मोकळी झाली, दुहेरी नुकसान. शेवटी दोन नवखी पोरं खेळवून तिसरे आले. त्यांच्याकडं तरी एवढे पैसे. आपल्याकडं स्टॉपरची शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्ट लागली की तो मॅचला नाही, संपला विषय. तेव्हा एक सराव सामना मुद्दाम दुसऱ्या फळीच्या स्टॉपरना देऊन बघा, आणि तो कडक टीमबरोबर. हरलात तरी चालेल. आणि प्रत्येक मॅचची शेवटची वीस मिनिटं नीट बघ, दमल्यावर लाइन तुटते, ताजे असताना सगळेच सरळ उभे राहतात.

आता उंचीबद्दल. मी उंचीच्या विरोधात आहे असं वाटेल, तसं नाही. कॉर्नरला उंच माणूस लागतो, दोन तरी लागतात, आणि आम्ही त्या आधीच्या वर्षी खरंच हेडरवर गोल खाल्ले होते, त्यातला एक माझ्या डोक्यावरनं गेलेला. कमिटीचं कारण खोटं नव्हतं, त्यांनी फक्त तेवढंच बघितलं. चौदा रेघांचा आकडा पण काही शास्त्र नाही, तुमच्या मैदानावर, तुमच्या पद्धतीत दहा पण जास्त असतील. मी स्टॉपर होतो त्यामुळं दोष हाफवर ढकलतो असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. गोलच्या मागं उभं राहून स्वतः मोजा.

तीन की चार याचं उत्तर तुझे साइडचे बॅक नव्वद मिनिटं वर-खाली पळू शकतात का यावर आहे, आणि ते तू लिहिलेलं नाहीस. पळत नसतील तर चार. तीनचा डिफेन्स टीव्हीवर सोपा दिसतो.

आणि दादा, तू हे वाचणार हे मला माहिताय, मामीनं सांगितलं तू आता ज्युनियर पोरांना शिकवतोस. तो थ्रो-इन आपला होता. सहा नंबरची, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या हाफची जागा तुझी होती. पोरांना तेवढं शिकव, आपला थ्रो-इन असताना सहा नंबरनं जागा सोडायची नाही, आणि सोडलीच तर ओरडून कुणालातरी तिथं उभं करून मगच जायचं. वही अजून माझ्याकडं आहे, गणपतीला येतोय, घेऊन येतो.