मेच्या शेवटी काजवे बघायला भंडारदऱ्याला चाललोय, टेंट स्वतःचा आहे, पहिलीच वेळ. जागा कशी निवडायची?

अरे म्हणजे डिट्टो आम्हीच, चार वर्षांपूर्वीचे. त्यामुळे आधी आमची फजितीच सांगतो. रतनवाडीच्या अलीकडे पोचायला साडेसात वाजले, अंधार पडलेला, टॉर्च मारला तर एकदम सपाट, कोरडं, मोकळं रान दिसलं, म्हटलं काय मस्त जागा! शेजारच्या घरातले मामा म्हणाले, "तिथं नका लावू, वर अंगणात या." आम्हाला वाटलं पैसे मागतील, नको म्हटलं. रात्री दीडला वळीव आला आणि अर्ध्या तासात आमच्या चपला तरंगत होत्या. ते भाताचं खाचर होतं. चारी बाजूंनी बांध घालतात तो पाणी अडवायलाच की, म्हणजे पाणी साठावं म्हणून पिढ्यानपिढ्या सपाट केलेली जागा आम्ही झोपायला निवडली. शेवटी मामांच्याच ओसरीवर ओलेचिंब बसलो, त्यांनी कोरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत, जाम लाज वाटली.

तर सहाच्या आत पोचा आणि पाऊस आला तर पाणी कुठून येईल नि कुठे जाईल एवढं नीट बघा. वाळका पाला एका रेषेत साचलेला दिसला किंवा माती धुऊन बारीक खडे उघडे पडलेत असं दिसलं की तिथून पाणी वाहतं समजायचं. जरासा उंचवटा हवा, थोडा उतार असला तरी चालतो, डोकं वरच्या बाजूला करून झोपायचं. टेंट उघडायच्या आधी त्या जागी पाच मिनिटं आडवं पडून बघा, पाठीला टोचणारी कारवीची खुंटं, दगड सगळं कळतं. खाली ताडपत्री टाकाल ती टेंटच्या बाहेर आली नाही पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी तीच गोळा करून आत पोचवते.

धरणाच्या पाण्याकाठी फोटो भारी येतात पण उन्हाळ्यात पाणी मागे सरकून उघडा पडलेला गाळ वरूनच कडक असतो, एक सर आली की सगळा चिकट चिखल आणि टेंटचे पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, उपटून हातात. घाटघरच्या कोकणकड्याला तर टेंट नकोच, कोकणातून वर चढणारा वारा पोल वाकवतो. वारा पश्चिमेचा असतो म्हणून दरवाजा पूर्वेला.

झाडाखाली सावली मिळते, मान्य, पण तुम्ही रात्री राहणार आहात. वळवाच्या वाऱ्यात सुकलेली फांदी कधी खाली येईल सांगता येत नाही, शिवाय वर आग्या मोहोळ आहे का ते बघितल्याशिवाय जवळ शेकोटी पेटवू नका. वीज चमकायला लागली तर एकट्या झाडापासून लांब, सरळ गाडीत जाऊन बसा. हिरडा, बेहडा, सादडा ही झाडं तर काजव्यांचीच, तिथे टेंट लावून आणि कंदील पेटवून तुम्हालाच काही दिसणार नाही.

शेतात काळा, भाजलेला तुकडा दिसला तर तो राब असतो, भाताच्या रोपांसाठी तयार केलेला. तिथे लावलात तर टेंट काळा होईल आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाल त्या वेगळ्या. कुठेही लावा, जमीन कुणाची ते विचारून. बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर मुक्काम कुठे चालतो ते आधीच विचारून घ्या. मला विचाराल तर एखाद्या घराचं अंगण बघा, जेवणही तिथेच सांगा, पिठलं-भाकरी मिळते.

आणि हो, मुरमात पेग जात नाहीत, मग दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. दगड उचलायच्या आधी काठीने उलटवा, आमच्या एका दगडाखाली विंचू निघाला होता.