पूर्ण जठर काढायचं की खालचा भाग? दोन्ही घरात पाहिल्यावर

ताई, तुमच्या वडिलांना जठराच्या कॅन्सरसाठी एका डॉक्टरांनी पूर्ण जठर काढावं लागेल सांगितलं, दुसऱ्यांनी खालचा भाग पुरेल म्हटलं, आणि कशात कमी त्रास होतो असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात दोन्ही ऑपरेशनं झाली. माझ्या बाबांचं पूर्ण जठर निघालं, मोठ्या काकांचं खालचा भाग. दोघांच्या उशाशी मीच होते.

त्रास खालचा भाग काढण्यातच कमी, हे खरं. पण त्यावरून ऑपरेशन ठरत नाही. गाठ खाली असेल आणि वर पुरेशी निरोगी जागा सुटत असेल, तरच वरचा भाग ठेवता येतो. गाठ अन्ननलिकेजवळ असेल किंवा रोग जठराच्या भिंतीत पसरला असेल, तर पूर्णच काढावं लागतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: एंडोस्कोपीत गाठ नेमकी कुठे दिसली आणि तिच्या वर किती सेंटिमीटर मोकळे मिळतात?

सगळ्यात मोठी भीती जोड लीक होण्याची. पूर्ण जठर काढलं की अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. अन्ननलिकेला आतड्यासारखं बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे टाके धरायला हा जोड नाजूक. काकांच्या ऑपरेशनात उरलेलं जठर आतड्याला जोडलं. जठराला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो जोड सहसा चांगला भरतो. ड्युओडेनमचं, म्हणजे जठरानंतर लगेच येणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाचं, शिवून बंद केलेलं टोक मात्र दोघांनाही होतं आणि तेही लीक होऊ शकतं.

बाबांचा सहावा दिवस मला अजून दिसतो. अंगात ताप, नाडी 118, आणि ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतलं फिकट गुलाबी पाणी गढूळ झालेलं. मी पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली आणि तशीच सिस्टरला बोलवायला धावले. सीटी स्कॅनमध्ये लीक निघालं. तोंडाने सगळं बंद, आतड्यात टाकलेल्या नळीतून फीड, अँटिबायोटिक्स. पुन्हा पोट उघडावं लागलं नाही, पण तीन आठवडे गेले. तुम्ही पहिले दहा दिवस ताप, नाडी आणि ड्रेनचा रंग रोज वहीत लिहा.

दुर्बिणीने की पोट उघडून, हा प्रश्न पुढे येईलच. कोरियात सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी खालचा भाग काढताना ही तुलना झाली: गुंतागुंत दुर्बिणीत 13 टक्के, उघड्या ऑपरेशनात 19.9 टक्के. फरक मुख्यतः जखमेच्या तक्रारींचा होता. गाठ वाढलेली असेल तर तो आकडा तुमच्या वडिलांना तसाच लावू नका.

नेटवर डी-टूबद्दल वाचून घाबरू नका. डी-टू म्हणजे जठराभोवतालच्या लसिका ग्रंथी जास्त दूरपर्यंत काढणं, डी-वन म्हणजे फक्त जवळच्या काढणं. हॉलंडच्या जुन्या अभ्यासात त्यात मृत्यू 10 टक्के होते, डी-वनमध्ये 4. पण तेव्हा अनेकांची प्लीहा आणि स्वादुपिंडाची शेपटीही काढत. आता शक्यतो ती ठेवतात. त्याच रुग्णांत 15 वर्षांनी जठराच्या कॅन्सरने झालेले मृत्यू डी-टूमध्ये कमी निघाले.

घरी आल्यावरचं दुखणं वेगळंच. डिसेंबरमध्ये संत्री आली, बाबांनी हौसेने ग्लासभर रस एकदम घेतला. वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. गोड, पातळ पदार्थ थेट आतड्यात उतरला की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात. दोन-तीन तासांनी साखर उतरून चक्करही येते. काकांनाही झालं, कारण जठराचं खालचं दार त्यांचंही गेलं होतं, पण कमी. दिवसातून सहा-सात वेळा अर्धी वाटी, पाणी जेवणाआधी किंवा अर्ध्या तासाने, एवढ्यावर दोघं सावरले. नागपूरच्या मे महिन्यात मात्र पाण्याचे घोट दिवसभर चालू ठेवा, एकदम पिता येत नाही म्हणून पाणी कमी पडतं.

आणि बी12. ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, म्हणून पूर्ण जठर काढल्यावर इंजेक्शन कायमचं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. डिस्चार्जच्या कागदावर आम्हाला हे कुणी लिहून दिलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी बाबांच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा कळलं. खालचा भाग काढला तरी बी12 आणि लोह दरवर्षी तपासा.

एंडोस्कोपी आणि सीटीचा रिपोर्ट इथे टाका, वरचं नाव झाकून. गाठीच्या जागेबद्दल काय लिहिलंय ते आपण नीट वाचू, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवता येईल.